भुकटी टाकली, ढेकूळ निघालं

स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहराजवळ २०१४ च्या मार्चमध्ये वीतभर लांबीची एक नळी ३२ दिवस अखंड तापत ठेवली होती. नळी अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे पांढऱ्या कडक सिरॅमिकची. आत तापवणाऱ्या तारा आणि पोटात जेमतेम एक ग्रॅम भुकटी: बहुतांश निकेल, जोडीला लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड. आंद्रेआ रॉस्सी या इटालियन गृहस्थांचं हे 'ई-कॅट' यंत्र; निकेल आणि हायड्रोजन यांच्यातल्या अणुकेंद्रीय क्रियेतून त्यात जादा उष्णता मिळते, असा दावा. इटली आणि स्वीडनमधल्या काही प्राध्यापकांनी त्याची चाचणी घेतली आणि अहवाल दिला, की जेवढी वीज आत गेली तिच्या तिपटीहून जास्त उष्णता बाहेर पडली. नळीच्या बाहेरच्या अंगाचं तापमान त्यांनी १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास नोंदवलं.

निकेल १४५५ अंशांना वितळतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बाहेरचं अंग १४०० अंश असेल तर आत, जिथे उष्णता तयार होते आहे, तिथे त्याहून जास्तच असणार. असल्या यंत्रांच्या वर्णनात भुकटीचं मोठं कौतुक असतं: ती किती बारीक, तिच्या कणांवर किती काटे, हायड्रोजन तिच्यात कसा शिरतो. पण त्या तापमानाला ती भुकटी म्हणून शिल्लक तरी होती का? या यंत्रांवर भांडणं पुष्कळ झाली आहेत आणि त्यातली बरीचशी अणुकेंद्राबद्दलची आहेत. मला मात्र वाटतं, अणुकेंद्रापर्यंत जायच्या आधी धातूलाच विचारावं, की बाबा, तुझं नेमकं काय झालं?

गाडीवरची मोसंबी

धातूचे अणू गोंधळात पडलेले नसतात, रचलेले असतात. फळवाला गाडीवर मोसंब्यांचा मनोरा रचतो तो आठवा. खालच्या थरात चार फळांच्या मध्ये जी खोबण उरते तिच्यात वरच्या थरातलं फळ बसतं. निकेल, तांबं, पॅलॅडियम, सोनं, चांदी या सगळ्यांचे अणू साधारण याच पद्धतीने रचलेले असतात आणि उपलब्ध जागेचा ७४ टक्के भाग भरतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि सहा बाजूंच्या मधोमध एकेक, अशी ही मांडणी. निकेलच्या अशा एका घनाची बाजू ०.३५ नॅनोमीटर भरते.

काही धातू तापवल्यावर आपली मांडणीच बदलतात. लोखंड त्यातलं सर्वात प्रसिद्ध. नेहमीच्या तापमानाला त्याचा घन आठ कोपरे आणि पोटात एक अणू असा असतो, जागा ६८ टक्केच भरते. ९१२ अंशांना ते मोसंब्यांच्या मनोऱ्यासारखं होतं, आणि १३९४ अंशांना पुन्हा जुन्या मांडणीवर येतं. टायटॅनियम ८८२ अंशांना षट्कोनी रचना सोडून देतं. यातली गंमत अशी, की टायटॅनियममध्ये हायड्रोजन शिरलेला असेल तर हा बदल सुमारे ३०० अंशांपर्यंत खाली येतो. म्हणजे तापमान रचनेवर परिणाम करतं एवढंच खरं नाही; आत कोण येऊन बसलंय त्यावर ते तापमानही ठरतं.

निकेल मात्र या बाबतीत हट्टी आहे. वितळेपर्यंत मांडणी तीच. ३५८ अंशांच्या आसपास त्याचं चुंबकत्व जातं, आणि बऱ्याच उत्साही लेखांमध्ये या टप्प्याला 'निकेलची रचना बदलते तो बिंदू' म्हटलेलं असतं. तसं नाही. चुंबकत्व म्हणजे अणूंच्या सूक्ष्म चुंबकांनी एका दिशेला तोंड करणं. ३५८ अंशांना ती तोंडं विखुरतात, अणू जागेवरच राहतात. उष्णता धरून ठेवण्याच्या क्षमतेत तिथे एक लहानसं टोक दिसतं, आणि बेसावध माणसाला तापमानाच्या आलेखात तिथे काहीतरी घडलंय असं वाटू शकतं.

मग मांडणी तीच राहते, तर तापमानाने बिघडतं काय? त्यासाठी पुण्याच्या तांबट आळीत जायला हवं.

तांबटाला ठाऊक असलेली गोष्ट

तांब्याचा पत्रा ठोकून हंडा घडवताना थोड्या वेळाने तो ठोके घेईनासा होतो. कडक होतो, आणखी ठोकला तर चिरतो. मग कारागीर तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो आणि काम पुन्हा सुरू होतं. मठारकामाचे ते गोल ठसे उमटतात त्याआधी भांडं असं अनेकदा भट्टीत जाऊन आलेलं असतं. तांब्याची मूळ मांडणी यात कधीच बदलत नाही. ठोकण्याआधी, ठोकल्यावर, तापवल्यावर, तिन्ही वेळा तोच घन.

बदलतं ते त्या मांडणीतलं वैगुण्य. धातूचा तुकडा म्हणजे एकसंध मनोरा नसतो. वेगवेगळ्या दिशांना कललेले असंख्य छोटे मनोरे एकमेकांना टेकून उभे असतात. या प्रत्येकाला आपण दाणा म्हणू. ठोक्यांनी दाण्यांच्या आत ओळी सरकतात, अर्धवट राहिलेल्या ओळींचा गुंता होतो, आणि त्या गुंत्यात ऊर्जा साठते. तापवलं की अणूंना हालचालीची मुभा मिळते, गुंता सुटतो, नवे स्वच्छ दाणे उगवतात. आणखी तापवत राहिलं तर मोठे दाणे लहान दाण्यांना गिळत जातात.

निकेल हा आवर्तसारणीत तांब्याचा अगदी शेजारी, २८ आणि २९. मांडणीही तीच. त्यामुळे तांबटाचा नियम त्यालाही लागू. निकेलची भुकटी पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात दळून तयार केली असेल तर तिच्या दाण्यांमध्ये गुंता ठासून भरलेला असतो. काही जण म्हणतात, याच गुंत्यात, याच भेगांत ती 'विशेष' घटना घडते. असेलही. पण हा गुंता काही शे अंशांवरच सुटायला लागतो. धातूचा वितळबिंदू निरपेक्ष मापात, म्हणजे केल्व्हिनमध्ये घ्यायचा. त्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास ही क्रिया सुरू होते असा ढोबळ हिशेब आहे. निकेलसाठी तो आकडा येतो सुमारे ४२० अंश सेल्सिअस. म्हणजे ज्या वैशिष्ट्यामुळे यंत्र चालतं असं म्हणायचं, ते यंत्र तापल्यावर पुसलं जातं.

एका वैगुण्याची गोष्ट मात्र उलटी आहे. मनोऱ्यातल्या एखाद्या जागी मोसंबंच नसणं, रिकामी जागा. नेहमीच्या तापमानाला निकेलमध्ये अशा जागा जवळपास नसतातच. वितळबिंदू जवळ येतो तसं दर दहा हजार जागांमागे साधारण एक रिकामी सापडते. ऐकायला क्षुल्लक, पण अणूंची सगळी येजा याच रिकाम्या जागांमधून होते. गच्च भरलेल्या लोकलमध्ये एक माणूस उतरला की डब्यातली सगळी माणसं थोडी थोडी सरकू शकतात, तसं.

न वितळता चिकटणं

आता भुकटीच्या मूळ दुखण्याकडे येऊ.

एक ग्रॅम निकेलची गोळी केली तर ती सहा मिलिमीटरची, वाटाण्याहून थोडी लहान. तेवढंच निकेल पाच मायक्रॉन व्यासाच्या कणांमध्ये वाटलं तर सुमारे १७० कोटी कण होतात, आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग दोन ए-फोर कागदांहून थोडा जास्त भरतो. गोळीच्या जवळपास १२०० पट. पृष्ठभागावरच्या अणूला एका बाजूला शेजारी नसतो, त्यामुळे तो अस्वस्थ असतो, जास्त ऊर्जा बाळगून असतो. निसर्गाला ही उधळपट्टी आवडत नाही. संधी मिळाली की कण एकमेकांना चिकटतात, जोडाशी मान तयार होते, मान जाड होत जाते, मधल्या फटी बुजत जातात. हे सगळं काहीही न वितळता.

फ्रीजरमध्ये वाडग्यात सुटे ठेवलेले बर्फाचे खडे आठवड्याभराने एकमेकांना चिकटून बसलेले असतात, ते बऱ्याच अंशी याच कारणाने. धातूंच्या भाषेत याला सिंटरिंग म्हणतात. भुकटीपासून यंत्रांचे भाग बनवणारा उद्योग मुद्दाम हेच करतो, पण ऊर्जायंत्रात ते नको असतं.

हे कधी सुरू होणार याचेही दोन ढोबळ टप्पे ठरलेले आहेत. निरपेक्ष वितळबिंदूच्या ३० टक्क्यांवर पृष्ठभागावरचे अणू भटकू लागतात, ५० टक्क्यांवर कणाच्या आतलेही. निकेलसाठी हे टप्पे साधारण २४५ आणि ५९० अंशांवर येतात. नॅनो आकाराच्या कणांना तर याहूनही कमी तापमान पुरतं, कारण इतक्या लहान कणांचा वितळबिंदूच खाली सरकतो. दोन-तीन नॅनोमीटरचे सोन्याचे कण १०६४ अंशांची वाट न बघता कित्येक शे अंश आधीच ढेपाळतात. लुगानोतले १४०० अंश खरे मानले तर निकेल निरपेक्ष मापात वितळबिंदूच्या ९७ टक्क्यांवर होतं, तेही आठवडेच्या आठवडे. तिथे 'भुकटीची सूक्ष्म रचना' हे शब्द वापरणं म्हणजे वाफ झालेल्या पाण्याच्या लाटा मोजण्यासारखं आहे.

निकेल आणि हायड्रोजन यांची ओळख काही आजची नाही, आणि मुंबईकरांना तर नाहीच. शिवडीला १९३२ पासून वनस्पती तूप बनू लागलं. त्या प्रक्रियेचा गाभा म्हणजे तेलात निकेलची अतिबारीक भुकटी घालून हायड्रोजन सोडणं. पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला निकेलच्या या करामतीबद्दल १९१२ चं नोबेल मिळालं होतं. निकेलचा पृष्ठभाग हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू सुटे करतो, आणि ते तेलातल्या दुहेरी बंधांवर जाऊन बसतात. हे काम दोनशे अंशांच्या आसपास चालतं, आणि निकेल बहुधा सिलिकासारख्या सच्छिद्र आधारावर पसरून वापरतात, म्हणजे कण एकमेकांपासून लांब राहावेत. तापमान हाताबाहेर गेलं की कण एकत्र येतात, पृष्ठभाग घटतो, उत्प्रेरक 'मरतो'. शंभर वर्षांचं हे शहाणपण उत्प्रेरकवाल्यांकडे आहे. ऊर्जायंत्रांचे दावे करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते विचारायलाच नको होतं अशा थाटात बाजूला ठेवलेलं दिसतं.

पॅलॅडियमचा जिव्हाळा, निकेलचा दुरावा

हायड्रोजन धातूत शिरला की रचनेचं काय होतं, हा या विषयाचा सर्वात रंजक भाग. इथे पॅलॅडियम आणि निकेल या दोन सख्ख्या वाटणाऱ्या धातूंचे स्वभाव नेमके उलटे आहेत.

पॅलॅडियम हायड्रोजन शोषून घेतो हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये दाखवलं. स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट वायू तो पोटात घेतो. नेहमीच्या तापमानाला, वातावरणाहून कितीतरी कमी दाबालाही, दर दहा पॅलॅडियम अणूंमागे सहा-सात हायड्रोजन अणू मनोऱ्यातल्या फटींमध्ये जाऊन बसतात. शोषताना उष्णता बाहेर पडते. म्हणूनच तापमान वाढवलं की पॅलॅडियम हायड्रोजन ओकतो.

पण हा पाहुणचार फुकट होत नाही. कमी हायड्रोजनची अवस्था आणि भरपूर हायड्रोजनची अवस्था या दोन वेगळ्या असतात, आणि पहिलीतून दुसरीत जाताना धातूचं आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी फुगतं. कणाचा अर्धा भाग फुगलेला आणि अर्धा तसाच, अशी स्थिती झाली की मधल्या सीमेवर प्रचंड ताण येतो. रचनेत गुंता होतो, भेगा पडतात. भरणं-रिकामं करणं दहा-वीस वेळा झालं की पॅलॅडियमचा चांगला पत्राही वेडावाकडा होतो.

यावर तापमानाचाच एक सुंदर उपाय आहे. सुमारे २९५ अंशांच्या वर या दोन अवस्थांमधली सीमाच नाहीशी होते. धातू एकसारखा, हळूहळू फुगतो. म्हणून आधी ३०० अंशांच्या वर न्यायचं, तिथे दाबाखाली हायड्रोजन भरायचा आणि मग थंड करायचं. भांडणाच्या गल्लीतून न जाता वळसा घालून त्याच घरी पोचायचं, तसं. हायड्रोजन शुद्ध करणाऱ्या पडद्यांमध्ये पॅलॅडियमला सुमारे एक चतुर्थांश चांदीची जोड देतात, तीही याच त्रासातून सुटण्यासाठी.

निकेलला हायड्रोजन पोटात घेणं आवडत नाही. आत घ्यायला त्याला उष्णता खर्चावी लागते, म्हणून तापमान वाढेल तसा थोडा जास्त हायड्रोजन आत जातो. पण 'थोडा' म्हणजे फारच थोडा: साध्या दाबाला हजार अंशांवरही दर दहा हजार निकेल अणूंमागे मोजके काही. नेहमीच्या तापमानाला वायूपासून खरंखुरं निकेल हायड्राइड बनवायचं तर हजारो वातावरणांचा दाब लागतो. तेव्हा 'निकेलची भुकटी स्पंजसारखी हायड्रोजन पिते' हे वाक्य कुठे वाचलंत तर ते पॅलॅडियमवरून उचलून निकेलला चिकटवलेलं आहे, असं खुशाल समजा. निकेलची खरी कामगिरी पृष्ठभागावरची आहे, पोटातली नाही. आणि पृष्ठभाग तर सिंटरिंग खाऊन टाकतं.

याच पॅलॅडियमवर विसंबून मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात शीत संमीलनाची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडली गेल्याची, घोषणा केली. त्या काही महिन्यांत जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी हातातली कामं टाकून पॅलॅडियम मिळवायची धडपड केली. आपल्या ट्रॉम्बेतही भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गट कामाला लागले. पॅलॅडियम आणि टायटॅनियम दोन्हींवर प्रयोग झाले, ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) आणि न्यूट्रॉन, म्हणजे अणुकेंद्रीय क्रियेच्या खुणा, आढळल्याचे अहवाल निघाले. पुढे ते काम थंडावलं. इटलीत फ्रास्काटीला फ्रान्चेस्को स्कारामुझी यांच्या गटाने त्याच वसंतात वेगळीच वाट धरली: टायटॅनियमच्या कातणावर ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वायू सोडायचा, द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत गार करायचं आणि मग हळूहळू तापू द्यायचं. धातूची रचना बदलत असताना, तो अस्थिर असताना काहीतरी घडेल, अशी कल्पना होती. न्यूट्रॉनचे झटके मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. विश्वासाने पुन्हा पुन्हा मिळतील असे मात्र ते झटके ठरले नाहीत.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वात प्रामाणिक तक्रार हीच होती: 'आमच्या एका तुकड्यात मिळालं, दुसऱ्यात नाही.' टीकाकारांनी तिला पळवाट म्हटलं, आणि अनेकदा ती होतीही. पण धातूशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर दोन 'एकसारखे' तुकडे खरोखरच एकसारखे नसतात. कोणता कधी किती तापला, किती वेगाने निवला, यावर त्यांचे दाणे आणि भेगा ठरतात. तो इतिहास लिहून ठेवलेला नसेल तर प्रयोग पुन्हा करणार कशाचा?

तिसरा गडी

लुगानोच्या नळीत निकेल एकटं नव्हतं. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड दीडशे अंशांच्या पुढे टप्प्याटप्प्याने फुटतं, हायड्रोजन सोडतं, आणि मागे लिथियम हायड्राइड व अ‍ॅल्युमिनियम उरतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम निकेलला भेटलं की दोघं जोरात संयोग पावतात आणि निकेल-अ‍ॅल्युमिनाइड तयार होतं. एकास एक प्रमाणातल्या या संयुगाचा घन वेगळाच असतो: कोपऱ्यांवर एक धातू, पोटात दुसरा. म्हणजे जे निकेल एरवी वितळेपर्यंत मांडणी सोडत नाही, ते इथे शेजाऱ्यामुळे सोडतं. प्रयोगानंतर काढलेल्या राखेत 'नवी रचना' दिसली म्हणून थक्क व्हायची गरज नाही.

या संयोगातून उष्णता निघते, ग्रॅममागे सुमारे १.४ किलोज्यूल. एवढ्यात एक कटिंग चहा तीन-चार अंशांनी गरम होईल. तेव्हा महिनाभराच्या दाव्याचा खुलासा या रासायनिक उष्णतेने होत नाही, हे दावेदारांचं म्हणणं बरोबर आहे.

खुलासा दुसरीकडे सापडला: तापमान मोजण्यातच. नळीला स्पर्श न करता तिचं तापमान उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याने मोजलं होतं. असा कॅमेरा पृष्ठभागातून येणारी अवरक्त किरणं बघतो, आणि 'हा पृष्ठभाग किरणं किती उदारपणे सोडतो' हा आकडा त्याला आपण सांगावा लागतो. अ‍ॅल्युमिना सगळ्या लहरींमध्ये मिळून, तापल्यावर, कंजूष असतं. पण कॅमेरा ज्या लांब लहरींमध्ये बघतो तिथे ते चांगलंच उदार असतं. टीकाकारांनी दाखवून दिलं, की कॅमेऱ्याला कंजूषपणाचा आकडा दिला गेला होता. कॅमेऱ्याचा समज असा झाला, की इतक्या कंजूष पृष्ठभागातून एवढा प्रकाश येतो त्याअर्थी तो फारच तापला असणार. उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे निरपेक्ष मापात दहा टक्क्यांची चूक झाली, १२५० अंशांना १४०० समजलं, की शक्तीचा हिशेब ४६ टक्क्यांनी फुगतो.

राखेतल्या निकेलमध्ये ६२ अणुभाराचं समस्थानिक जवळपास शंभर टक्के आढळलं, असंही त्या अहवालात होतं. निसर्गात ते ३.६ टक्के असतं. भुकटी घालताना आणि काढताना रॉस्सी स्वतः हजर होते हेही त्याच अहवालात नोंदलेलं आहे. त्यावर मी काही बोलत नाही. मला खटकतं ते वेगळंच: जर खरं तापमान बरंच कमी होतं, तर निकेल वितळबिंदूजवळ गेलंच नव्हतं, आणि राखेचं विश्लेषण करताना ते कोणत्या तापमानाला शिजलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आत डोकावायचं कसं

धातूची रचना बघायची ठरलेली रीत म्हणजे क्ष-किरण विवर्तन. अणूंचे थर क्ष-किरणांना ठरावीक कोनांतच परतवतात. कोनांवरून मांडणी कळते. टोकं बारीक असतील तर दाणे मोठे, पसरट असतील तर दाणे लहान. हा हिशेब पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये मांडला आणि आजही एम.एस्सी.ची मुलं पहिल्याच वर्षी तो करतात.

अडचण अशी, की बहुतेक वेळा हे मोजमाप प्रयोगाच्या आधी आणि नंतर, थंड नमुन्यावर होतं. हे म्हणजे कणीक बघायची आणि जळलेली पोळी बघायची, मधला तवा बघायचाच नाही. भट्टीत असतानाच क्ष-किरण सोडता येतात, तशी उपकरणं आहेत, पण जाड सिरॅमिक नळीत ते सोपं नसतं. शिवाय क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसतच नाही, त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात, आणि साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम वापरावं लागतं म्हणजे चित्र स्वच्छ येतं. ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीवर १९८५ नंतर अशा न्यूट्रॉन विवर्तनाच्या सोयी उभ्या राहिल्या.

या सगळ्याकडे नीट पद्धतशीर पाहण्याचा अलीकडचा मोठा प्रयत्न गूगलच्या पैशाने झाला. अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांमधले व प्रयोगशाळांमधले सुमारे ३० संशोधक २०१५ पासून कामाला लागले, खर्च सुमारे एक कोटी डॉलर. हायड्रोजनने भरलेलं पॅलॅडियम, हायड्रोजनमध्ये तापवलेल्या धातूंच्या भुकट्या, आणि प्लाझ्मा, अशा तीन वाटा त्यांनी तपासल्या. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: जादा उष्णतेचा पुरावा नाही. पण पॅलॅडियममध्ये हायड्रोजन किती भरता येतो आणि तो मोजायचा कसा, उच्च तापमानाला उष्णतेचा हिशेब काटेकोर कसा ठेवायचा, याबद्दल बरंच नवं हाती लागलं. मला हे अपयश वाटत नाही. रीतसर मोजमापाने 'नाही' म्हणायलाही यंत्रं घडवावी लागतात.

भुकटीचं ढेकूळ होऊ नये म्हणून काही जणांनी डोकंही लढवलं. ओसाकाचे योशिआकी अराता यांनी २००८ मध्ये जे प्रात्यक्षिक केलं त्यात पॅलॅडियमचे नॅनोकण झिर्कोनिया या सिरॅमिकच्या आत पेरलेले होते. झिर्कोनिया २७०० अंशांना वितळतो, त्यामुळे त्याच्या भिंती कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत. त्यांच्या जादा उष्णतेच्या दाव्याला मुख्य प्रवाहातल्या भौतिकशास्त्राने मान्यता दिली नाही. भिंतीची कल्पना मात्र अस्सल धातूशास्त्राची आहे, उत्प्रेरकवाल्यांचीच.

आणि जिथे कुठलाही वाद नाही अशा यंत्रातही हीच डोकेदुखी आहे. नेदरलँड्समधल्या लिसहाउट गावच्या एका बिअर कारखान्यात २०२० मध्ये लोखंडाची भुकटी जाळून वाफ तयार करून दाखवली, १०० किलोवॅटची व्यवस्था. लोखंड जळतं, गंज उरतो, कर्बवायू शून्य. तो गंज गोळा करून हायड्रोजनने पुन्हा लोखंडात बदलायचा आणि परत जाळायचा. कागदावर चक्र पूर्ण झालं. प्रत्यक्षात, परत लोखंड करताना तापमान जास्त ठेवलं तर क्रिया भराभर होते पण ताज्या लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून भट्टीत गठ्ठे होतात. कमी ठेवलं तर कण सुटे राहतात पण तासन्‌तास लागतात. मध्ये ५७० अंशांवर आणखी एक वळण आहे: त्याच्या वर गंज लोखंड होण्याआधी व्ह्युस्टाइट नावाच्या, फक्त उष्णतेतच टिकणाऱ्या ऑक्साइडमधून जातो, आणि खाली असेल तर तो टप्पा गाळून थेट लोखंड होतो. दोन्ही वाटांनी निघालेल्या कणांची सच्छिद्रता वेगळी, आणि पुढच्या खेपेला ते जळण्याची रीतही वेगळी. आइंडहोवनमध्ये सध्या त्या वाटांवर काम चाललंय, भट्टीचा काटा कुठे ठेवायचा म्हणून.